अंतर्भूत फलनांचे परीक्षण

अंतर्भूत फलनांचे परीक्षण : संगणकीय भाषेत वापरणाऱ्यास आयत्या मिळणाऱ्या फलनांचे मूल्यन त्या भाषेची दुभाषी आज्ञावली अचूकपणे करते की नाही, हे पद्धतशीरपणे तपासण्याची क्रिया. बेरीज, भागाकार, पूर्णांकन (अपूर्णांकावरून जवळचा पूर्णांक ठरविणे), वर्गमूळ, ज्या व कोज्या, दोन दिनांकांतील अंतर, मजकुराचा संक्षिप्त ठसा काढणे इ. क्रिया अशा फलनांत मोडतात. ती भाषेबरोबरच येतात व वापरणाऱ्यास ती स्वतः लिहावी लागत नाहीत, म्हणून त्यांना अंतर्भूत म्हणतात.

आपण स्वतः लिहिलेल्या ओळी आज्ञावलीकार पुनःपुन्हा तपासतो. अंतर्भूत फलनाचे मात्र त्याला केवळ नाव दिसते, आतील कृती दिसत नाही. त्यामुळे त्यावर तो सहसा न तपासता विसंबतो. अशा फलनात दोष असल्यास तो ते फलन वापरणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीत उतरतो आणि वापरणाऱ्याची चूक नसतानाही नुकसान त्याचेच होते. पुण्यालगतच्या पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या विषयाचे महत्त्व कारखान्यातील यंत्रावर प्रत्यक्ष दिसून येते. तेथील अंकीय नियंत्रणाची यंत्रे दुभाषी पद्धतीनेच चालतात. पैशाच्या व्यवहारासाठी अलीकडे निघालेल्या करार-आज्ञावलींच्या भाषांनाही हीच तत्त्वे लागू पडतात. प्रस्तुत नोंदीत या दोन्ही क्षेत्रांचा विचार केला आहे.

दुभाषी आज्ञावलीचे कार्य : माणसाने लिहिलेली आज्ञावली संगणकाकडून दोन प्रकारे पार पाडून घेता येते. भाषांतरक अर्थात कंपायलर संपूर्ण मजकुराचे यंत्रभाषेत आधी रूपांतर करतो व नंतर ते रूपांतर चालविले जाते. दुभाषी आज्ञावली अर्थात इंटरप्रिटर मात्र एकेक विधान वाचून त्याचा अर्थ लावते व त्याची लगेच अंमलबजावणी करते [⟶ संगणक]. विधानात एखाद्या फलनाचे नाव आल्यास दुभाषी आज्ञावली प्रथम कंसातील आदान मूल्ये काढते. नंतर आपल्या कोष्टकात ते नाव शोधते. मूल्यांची संख्या व प्रकार योग्य आहेत की नाहीत ते पाहते. मग नेमून दिलेली कृती करते आणि आलेले फलित मूळ विधानात परत ठेवते.

यांपैकी प्रत्येक टप्प्यावर दोष संभवतो. दोन आदान मूल्यांचा क्रम उलटा घेतला जाणे, अंशाऐवजी त्रिज्यीमान कोन धरला जाणे, ऋण संख्येचे वर्गमूळ मागितले असता त्रुटी न दाखविता काहीतरी संख्या देणे, फार मोठ्या संख्येचे वरचे अंक गळून पडणे आणि फलित ठेवताना दुसऱ्याच मूल्यावर परिणाम होणे, हे नेहमी आढळणारे प्रकार होत. म्हणून परीक्षणात केवळ गणिती सूत्र नव्हे, तर नाव वाचल्यापासून फलित परत ठेवेपर्यंतची सर्व साखळी तपासावी लागते.

ऐतिहासिक आढावा : दुभाषी पद्धत व अंतर्भूत फलने यांचे एक प्रसिद्ध जुने उदाहरण म्हणजे पास्कल-पी ही आज्ञावली होय. १९७० नंतरच्या दशकात झुरिक येथील तंत्रविद्यापीठात ती तयार झाली. पास्कल भाषेतील मजकुराचे एका कल्पित यंत्राच्या भाषेत रूपांतर करावयाचे व ती भाषा दुभाषी आज्ञावलीने चालवावयाची, अशी तिची रचना होती. ज्या, कोज्या, घातांक, लॉगरिथम, वर्गमूळ व व्यस्त स्पर्शज्या ही फलने त्या कल्पित यंत्राची प्रमाणित कार्ये म्हणून दिलेली होती. या आज्ञावलीवरील टिपणांच्या लेखकांपैकी एक केशव नोरी हे भारतीय संगणकतज्ञ होते. पुढे त्यांनी पुण्याच्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) काम केले. आज्ञावलींतील दोष यांत्रिक रीतीने शोधण्याच्या संशोधनाकरिता हे केंद्र पुढे नावारूपास आले.

एकच भाषा निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळी वागू लागल्याने परीक्षणसंचांची गरज भासू लागली. आर्थर सेल व ब्रायन विचमन यांनी पास्कल भाषेसाठी केलेला परीक्षणसंच १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. गणिती फलनांची अचूकता तपासण्याच्या पद्धती विल्यम कोडी व विल्यम वेट यांनी १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडल्या. १९८५ मध्ये चल-दशांश अंकगणिताचे मानक ठरविण्यात आले व त्यात पूर्णांकनाचे प्रकार निश्चित केले गेले.

तरीही दोष राहून जातातच. १९९४ मध्ये पेंटियम या सूक्ष्मप्रक्रियकाच्या भागाकारात टॉमस नाइसली या अमेरिकन गणितज्ञांना चूक आढळली. भागाकारासाठी वापरलेल्या कोष्टकातील पाच नोंदी गळाल्या होत्या. त्यामुळे ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले असता १·३३३८२ ऐवजी १·३३३७४ असे उत्तर येई. बहुसंख्य भागाकार बरोबर येत असल्यामुळे हा दोष सर्वसाधारण तपासणीत सापडला नव्हता. सदोष सूक्ष्मप्रक्रियक बदलून देण्यासाठी उत्पादक कंपनीला सु. ४७·५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

पिंपरी-चिंचवड व चाकण येथील यंत्रभाषा : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या भागांत मोटारी, स्कूटर व यंत्रभाग यांचे कारखाने वेगाने वाढले. पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा विस्तार उत्तरेस चाकणकडे झाला. फोक्सवॅगन कंपनीच्या तेथील मोटार कारखान्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांचे दाट जाळे हे या पट्ट्याचे वैशिष्ट्य होय. या लहान कारखान्यांतून अंकीय नियंत्रणाची लेथ यंत्रे व उभी यंत्रण केंद्रे सर्रास वापरात आहेत. कामगारांच्या बोलीत त्यांना सीएनसी व व्हीएमसी म्हणतात.

अंकीय नियंत्रणाचे पहिले यंत्र अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्यासंस्थेत १९५२ मध्ये दाखविण्यात आले. अशा यंत्राचा नियंत्रक आज्ञावलीतील एकेक ओळ वाचून त्याप्रमाणे हत्यार हलवितो. म्हणजे तो दुभाषीच असतो. नेहमीच्या जी-संकेतांशिवाय बहुतेक नियंत्रकांत मॅक्रो भाषेची सोय असते. तीत चल राशी, पुनरावृत्ती आणि साइन, कोसाइन, एटॅन, स्क्वेअर रूट, राउंड, फिक्स, फप अशी अंतर्भूत फलने मिळतात. वर्तुळावर समान अंतराने भोके पाडणे, निरनिराळ्या मापांचा एकाच घाटाचा भाग एकाच आज्ञावलीने कापणे इ. कामांसाठी त्यांचा उपयोग होतो.

समजा, ५० मिमी. त्रिज्येच्या वर्तुळावर सहा भोके पाडावयाची आहेत. पहिले भोक शून्य अंशावर घेतल्यास दुसरे ६० अंशांवर येते व त्याचे सहनिर्देशक २५·००० आणि ४३·३०१ मिमी. असतात. नियंत्रक कोन अंशांत घेतात. पण संगणकाच्या बहुतेक सर्वसाधारण भाषा तो त्रिज्यीमानांत घेतात. ही आज्ञावली कारखान्याच्या कार्यालयातील संगणकावर अशा भाषेत जशीच्या तशी उतरविली, तर दुसऱ्या भोकाचे सहनिर्देशक −४७·६२१ व −१५·२४१ मिमी. येतात. हे चुकीचे भोकही केंद्रापासून ५० मिमी. अंतरावरच पडते. त्यामुळे केवळ त्रिज्या मोजून केलेल्या तपासणीत ते उत्तीर्ण होते. ज्येचा वर्ग व कोज्येचा वर्ग यांची बेरीज एक येते, या सर्वसमिकेवर आधारलेल्या चाचणीचेही असेच आहे. एकक चुकले तरी ती चाचणी यशस्वी होते. यासाठी ठराविक कोनाचे स्वतंत्रपणे माहीत असलेले मूल्यही तपासणे आवश्यक असते.

फलनांची नावे सारखी असली, तरी अर्थ सारखा असेलच असे नाही. फिक्स हे फलन अपूर्णांक भाग काढून टाकते व फप हे पुढचा पूर्णांक देते. २·८ या संख्येसाठी फिक्सचे फलित सर्वत्र २ असते. परंतु −२·८ या संख्येसाठी फानुक नियंत्रकांच्या मॅक्रो भाषेत फिक्सचे फलित −२ येते, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेने तयार केलेल्या दुभाषी आज्ञावलीत ते −३ येते. पहिल्यात शून्याच्या दिशेने, तर दुसऱ्यात संख्यारेषेवर डावीकडे जाण्याचा नियम आहे. फप या फलनाचे नियमही तसेच परस्परांहून भिन्न आहेत. एटॅन फलनाचे फलित ० ते ३६० अंशांत द्यावयाचे की −१८० ते १८० अंशांत द्यावयाचे, हे फानुक नियंत्रकात एका प्राचलाने (यंत्रावर आधी ठरवून ठेवावयाच्या मूल्याने) ठरते. त्यामुळे एकच आज्ञावली शेजारच्या दोन यंत्रांवर एकाच बिंदूचा कोन एकदा २२५ अंश व एकदा −१३५ अंश सांगू शकते. दिशा एकच असली, तरी पुढील ओळीत त्या कोनास दोनाने भागल्यास हत्यार विरुद्ध बाजूस जाते.

पूर्णांकनाचा परिणामही लक्षणीय असतो. यंत्राचे लघुतम माप ०·००१ मिमी. असताना हत्यार वाढीव मापांनी प्रथम १·२३४५ व नंतर २·३४५६ मिमी. मागे नेले, तर ते प्रत्यक्षात १·२३५ व २·३४६ असे एकूण ३·५८१ मिमी. सरकते. मूळ दोन संख्यांची बेरीज ३·५८०१ असल्याने परत येताना मात्र ते ३·५८० मिमी.च सरकते. प्रत्येक आवर्तनात एक सहस्रांश मिमी. फरक राहतो व शंभर आवर्तनांनंतर तो ०·१ मिमी. होतो. प्रत्येक संख्येचे आधी पूर्णांकन करून मग बेरीज केल्यास हा दोष टळतो.

नवीन आज्ञावली सुरू करताना कारागीर प्रथम जॉब न लावता ‘ड्राय रन’ घेतात, ‘सिंगल ब्लॉक’वर एकेक ओळ चालवितात आणि पहिला जॉब संपूर्ण मोजल्यावरच पुढील उत्पादन करतात. हे परीक्षणच होय. मात्र त्यात त्या दिवशीच्या मापांपुरतीच फलने तपासली जातात. ऋण संख्या, शून्य किंवा चतुर्थांशाच्या सीमेवरील कोन पुढे कधीतरी प्रथमच येतो, तेव्हा जॉब बाद होतो किंवा हत्यार मोडते.

करार-आज्ञावलींच्या भाषा : करारातील अटी संगणकीय आज्ञांच्या रूपात लिहून त्यांची अंमलबजावणी आपोआप व्हावी, ही कल्पना निक साबो यांनी १९९० नंतरच्या दशकात मांडली व तिला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट असे नाव दिले. २०१५ मध्ये इथीरियम हे जाळे सुरू झाल्यावर ती मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली. अशा जाळ्यात व्यवहारांची एकच खातेवही अनेक संगणकांवर ठेवलेली असते. तीतील नोंदींचे गट एकास एक साखळीप्रमाणे जोडलेले असल्याने तिला ब्लॉकचेन म्हणतात. प्रत्येक संगणक तीच करार-आज्ञावली स्वतंत्रपणे चालवितो व सर्वांचे फलित जुळल्यासच खातेवही एक राहते.

या रचनेमुळे अंतर्भूत फलनांवर दोन कडक अटी येतात. पहिली म्हणजे, फलित केवळ जवळपास बरोबर असून चालत नाही. ते सर्व संगणकांवर शेवटच्या अंकापर्यंत एकच असावे लागते. म्हणून या भाषांत चल-दशांश संख्या सहसा टाळतात. इथीरियमचे कल्पित यंत्र २५६ द्विमान अंकी पूर्णांक वापरते, तर क्लॅरिटी या दुभाषी पद्धतीच्या भाषेत १२८ द्विमान अंकी पूर्णांक असतात. दुसरी अट म्हणजे, एकदा नोंदलेला व्यवहार सहसा मागे घेता येत नाही. चुकलेला जॉब भंगारात टाकून दुसरा करता येतो. चुकीच्या खात्यावर गेलेली रक्कम मात्र धारकाच्या संमतीवाचून परत येत नाही.

याही क्षेत्रात एका नावाखाली भिन्न अर्थ आढळतात. शून्याने भागले असता इथीरियमचे कल्पित यंत्र शून्य हे फलित देते. त्याच यंत्रासाठी लिहिण्याची सॉलिडिटी ही भाषा मात्र तेथे व्यवहार थांबविते. सॉलिडिटीच्या जुन्या आवृत्त्यांत ‘शा-३’ या नावाचे ठसा काढणारे फलन होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या अमेरिकन मानकाहून त्याचे फलित निराळे येई, कारण ते फलन मानक अंतिम होण्यापूर्वीच्या केचॅक पद्धतीचे होते. पुढे त्याचे नाव बदलण्यात आले.

परीक्षणाच्या पद्धती : अंतर्भूत फलनांच्या परीक्षणात पुढील पद्धती वापरतात व त्या परस्परपूरक आहेत.

(१) ज्ञात मूल्यांची तुलना : निवडक आदान मूल्यांसाठी अपेक्षित फलितांचे कोष्टक आधी तयार करतात व दुभाषी आज्ञावलीने दिलेली फलिते त्याच्याशी ताडून पाहतात. अपेक्षित मूल्ये परीक्षणाखालील आज्ञावलीच्या बाहेरून, म्हणजे व्याख्या, मानक, कायदा किंवा स्वतंत्र गणित यांवरून घेणे हा येथील मुख्य नियम होय. आज्ञावली चालवून जे आले तेच अपेक्षित म्हणून लिहून ठेवल्यास दोषच प्रमाण ठरतो. कारखान्यात गेजची अचूकता त्याच गेजने मोजलेल्या जॉबवरून ठरवीत नाहीत, ती प्रमाणित स्लिप गेजवरून ठरवितात. तसेच हे आहे.

(२) सीमामूल्ये : दोष बहुधा सीमेवर आढळतात. शून्य, एक, उणे एक, सर्वांत मोठी व सर्वांत लहान संख्या, रिकामा मजकूर आणि अचूक अर्धा अपूर्णांक यांची चाचणी अवश्य घेतात. धन-ऋण पूर्णांकांत सर्वांत लहान ऋण संख्येस उणे एकने भागल्यास येणारी धन संख्या मर्यादेबाहेर जाते. अशा वेळी काय व्हावे, हे भाषेने स्पष्ट सांगितलेले असावे लागते. इथीरियमच्या यंत्रात तीच ऋण संख्या परत मिळते.

(३) त्रुटीची चाचणी : आदान मूल्य अयोग्य असता फलनाने नकार दिलाच पाहिजे. मूल्यांची संख्या कमी-अधिक देणे, संख्येच्या जागी मजकूर देणे, ऋण संख्येचे वर्गमूळ मागणे इ. प्रकारांत ठरलेलीच त्रुटी येते की नाही आणि नकारानंतर खात्यांतील रकमा पूर्ववत राहतात की नाही, हे पाहतात.

(४) गुणधर्मांची चाचणी : यदृच्छ निवडलेल्या हजारो आदान मूल्यांवर एखादी सर्वसमिका तपासतात. उदा., भाज्य हे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी यांच्याबरोबर असले पाहिजे. वर वर्तुळाच्या उदाहरणात दाखविल्याप्रमाणे केवळ या पद्धतीवर विसंबता येत नाही.

(५) दोन आज्ञावलींची तुलना : एकाच भाषेच्या स्वतंत्रपणे लिहिलेल्या दोन दुभाषी आज्ञावलींना तेच आदान देऊन फलिते ताडतात. ती न जुळल्यास निदान एक सदोष असते. जुळल्यास मात्र दोन्ही निर्दोष आहेत असे सिद्ध होत नाही, कारण भाषेच्या व्याख्येतील एखादी संदिग्धता दोन्ही लेखकांनी सारख्याच चुकीने सोडविलेली असू शकते. इथीरियमच्या निरनिराळ्या आज्ञावलींसाठी एक सामायिक परीक्षणसंच ठेवलेला आहे.

(६) परिणाम व खर्च यांची चाचणी : फलनाने आदान मूल्यात किंवा स्मृतीच्या इतर भागात बदल केलेला नाही, हे पाहणे आवश्यक असते. करार-आज्ञावलीत प्रत्येक क्रियेला ठराविक आकार पडतो. हा आकार सर्व संगणकांवर सारखाच मोजला जावा लागतो. अन्यथा एका ठिकाणी व्यवहार पुरा होतो व दुसऱ्या ठिकाणी निधी अपुरा ठरून तो थांबतो.

याशिवाय, सापडलेल्या प्रत्येक दोषाची चाचणी संचात कायमची ठेवतात व आज्ञावलीत बदल झाला की संपूर्ण संच पुन्हा चालवितात. काही ठिकाणी भाषेच्या आकारिक व्याख्येवरून गणिती सिद्धताही देतात. इथीरियमच्या यंत्राची अशी पूर्ण व्याख्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

उदाहरण : पट्ट्यातील लघुउद्योजकाला बिलाची रक्कम वेळेवर मिळणे हा त्याच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ याप्रमाणे सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचा माल स्वीकारल्यापासून लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत ठेवता येत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. भोसरीचा पुरवठादार व चाकणचा खरेदीदार यांनी ही अट करार-आज्ञावलीत लिहिली असे मानल्यास पुढील चाचण्या कराव्या लागतील.

दिनांकातील अंतर : १ फेब्रुवारी २०२३ रोजी स्वीकारलेल्या मालाची मुदत १८ मार्चला संपते, तर १ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वीकारलेल्या मालाची मुदत लीप वर्षामुळे १७ मार्चला संपते. इथीरियमच्या खातेवहीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत व सार्वत्रिक प्रमाणवेळेनुसार मोजलेली असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे १८ मार्च २०२४ रोजी पहाटे दोन वाजता दिलेली रक्कम भारतीय दिनांकानुसार उशिरा असूनही त्या मोजणीत १७ मार्चची, म्हणजे मुदतीतील ठरते. मध्यरात्र ते सकाळी साडेपाच या काळातील एक तरी चाचणी संचात असल्याशिवाय हा दोष उघडकीस येत नाही.

भागाकाराचा क्रम : व्याजाचा वार्षिक दर सोयीसाठी १८ टक्के धरू. एक लाख रुपयांवर दोन महिन्यांनी दरमहा दीड टक्क्याप्रमाणे एकूण १,०३,०२२·५० रुपये होतात. पूर्णांकी भागाकारात १८ ला १२ ने आधी भागले, तर फलित १·५ ऐवजी १ येते व रक्कम १,०२,०१० रुपये होते. पुरवठादाराचे १,०१२·५० रुपयांचे नुकसान होते आणि कोणतीही त्रुटी दाखविली जात नाही. दर २४ टक्के धरून चाचणी घेतल्यास भागाकार निःशेष होतो व दोष झाकला जातो.

पूर्णांकन : केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत नेताना ५० पैसे वा अधिक असल्यास पूर्ण रुपया धरावयाचा व त्याहून कमी असल्यास पैसे सोडावयाचे असतात. पॅक्ट या दुभाषी पद्धतीच्या करारभाषेतील पूर्णांकनाचे फलन मात्र अचूक अर्धा असता जवळची सम संख्या घेते. बँकव्यवहारात रूढ असलेली ही पद्धत गणिती दृष्ट्या सदोष नाही; पण ती या कायद्याशी जुळत नाही. १,१५० रुपयांच्या मालावर ९ टक्के केंद्रीय कर १०३·५० रुपये होतो व दोन्ही नियमांनी १०४ च येतो. १,०५० रुपयांच्या मालावर तो ९४·५० रुपये होतो. कायद्याप्रमाणे ९५, तर सम संख्येच्या नियमाने ९४ येतात. येथे दुभाषी आज्ञावली आपल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असते आणि करार मात्र चुकतो. म्हणून फलनाचे परीक्षण भाषेच्या व्याख्येशी व फलनाच्या उपयोगाचे परीक्षण कायद्याशी, असे दोन्ही स्तरांवर करणे जरूर असते.

प्रत्यक्षातील दोष : एप्रिल २०१८ मध्ये ब्यूटीचेन या अंकीय चलनाच्या करार-आज्ञावलीत गुणाकाराचा दोष आढळला. दोन खात्यांवर प्रत्येकी २ च्या २५५ व्या घाताइतके एकक पाठविण्याची मागणी करण्यात आली. त्यांची बेरीज २ चा २५६ वा घात, म्हणजे यंत्राच्या मर्यादेबाहेर एक पाऊल असल्याने एकूण रक्कम शून्य ठरली. शिल्लक पुरेशी असल्याची तपासणी यशस्वी झाली व प्रचंड संख्येने एकके निर्माण झाली. डिसेंबर २०२० मध्ये निघालेल्या सॉलिडिटीच्या ०·८ आवृत्तीपासून मर्यादा ओलांडली जाताच व्यवहार आपोआप थांबतो.

११ नोव्हेंबर २०२० रोजी इथीरियमच्या जाळ्यात पडलेली फूट अधिक बोधप्रद आहे. इथीरियमवर काही अंतर्भूत कार्ये ठराविक क्रमांकांखाली दिलेली आहेत. त्यांतील चौथे कार्य दिलेला मजकूर आहे तसा परत करते. याहून साधे फलन असू शकत नाही. गेथ या बहुसंख्य संगणकांवरील आज्ञावलीच्या जुन्या आवृत्तीत हे कार्य मजकुराची प्रत करण्याऐवजी मूळ स्मृतिस्थानाचाच निर्देश परत देई. त्यानंतर त्या स्थानावर दुसरा मजकूर लिहिल्यास आधी मिळालेले फलितही बदले. फलित मिळताच तपासणाऱ्या चाचणीत हा दोष दिसत नाही. फलित मिळाल्यावर मूळ स्थान बदलून मग ते पुन्हा वाचणारी चाचणीच तो दाखविते. दोष नव्या आवृत्तीत काढलेला होता, परंतु जुनी आवृत्ती चालविणारे संगणक त्या दिवशी इतरांपासून वेगळे पडले व त्यांवर अवलंबून असलेल्या सेवा काही तास खंडित झाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकारच्या दुसऱ्या दोषामुळे पुन्हा फूट पडली.

महाराष्ट्रातील उपयोग व मर्यादा : महाराष्ट्रात ब्लॉकचेनचा उपयोग प्रथम मुख्यतः प्रमाणपत्रांची सत्यता पडताळण्यासाठी झाला. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सु. ६५,००० जात प्रमाणपत्रे पॉलिगॉन या जाळ्यावर नोंदण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. अशा कामात ठसा काढणारे फलन मध्यवर्ती असते. त्याचे मूल्यन एका अक्षराने चुकले, तरी खरे प्रमाणपत्र खोटे ठरते. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘विश्वस्य’ या राष्ट्रीय ब्लॉकचेन व्यवस्थेच्या उभारणीत पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅकचा) सहभाग असून तिच्या तीन केंद्रांपैकी एक पुण्यात आहे.

परीक्षणाने दोषांचे अस्तित्व दाखविता येते. त्यांचा अभाव सिद्ध करता येत नाही. २५६ द्विमान अंकी दोन संख्यांच्या सर्व जोड्या तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून कोणती थोडी मूल्ये निवडावयाची, यावर परीक्षणाचे यश अवलंबून असते; व ती निवड करण्यासाठी भाषेच्या ज्ञानाइतकेच व्यवहाराचे ज्ञान लागते. ९४·५० रुपयांची चाचणी करनियम जाणणाऱ्यास सुचते, −२·८ ची यंत्रावर काम केलेल्यास सुचते. यास्तव परीक्षणसंच तयार करताना आज्ञावलीकाराबरोबर त्या त्या व्यवसायातील जाणकाराचाही सहभाग असणे इष्ट ठरते.